पंख्यामागची पाती

त्या रविवारी जेवताना अप्पांनी अप्पळम, म्हणजे पापड, मोडून त्याचे तुकडे ताटात गोल मांडले.

"हा जहाजाचा पंखा. त्याच्यामागे पाणी नुसतं भोवरा करतं, तेवढा जोर वाया जातो. माझी पाती तो भोवरा मोडतात, तेवढं तेल वाचतं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"तेल वाचलं हे कळलं, अप्पा. पात्यांनीच वाचलं, हे कळत नाही."

अप्पा जहाजांवर चीफ इंजिनियर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ही पाती आखली आणि ओळखीच्या एका कंपनीने ती एका जहाजाला बसवली. पण त्यासाठी जहाज गोदीत घेतलं, तेव्हाच त्याचा तळही खरवडून रंगवला. मग ते कमी तेलात धावू लागलं, ते गुळगुळीत तळामुळे की पात्यांमुळे? शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात जहाजांच्या इंधनाचा हिशेब करणं हे माझं काम. या जहाजाचे आकडेही माझ्याकडेच आले आणि मी लिहिलं होतं, 'सिद्ध होत नाही.'

"परक्याची पोर असतीस तर मान्य केलं असतंस."

"परक्याची असते तर जेवताना भांडले नसते."

"पोदुम! पुरे आता!" आई म्हणाली. "रसम निवतंय. की तेही जहाजालाच वाढू?"

अप्पा हसले आणि अप्पळमचा पंखा खाऊन टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर कामावर गेले, तर त्याच घडणीच्या दुसऱ्या जहाजाचे आकडे आले होते. तेही खरवडून, रंगवून निघालेलं, पण पात्यांशिवाय. शेजारच्या टेबलावरची श्रीरंजनी म्हणाली, "मी करते हे. तू राहू दे."

"नको."

वारा, माल, वेग यांचा फरक काढून मी दोन्ही जहाजं ताडून पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली. दोन्हींचं तेल सारखंच वाचलं होतं. मी तसं लिहून पाठवलं आणि मैलापूरला घरी आले. बसमध्ये डोळे मिटले तरी झोप लागली नाही.

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय निघालं?"

"तळामुळे."

"पात्यांनी थोडंसुद्धा नाही?"

"मोजता येईल इतकं नाही."

तिने हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "त्यांना वाटायचं, ते हरावेत असंच तुला वाटतं."

"नाही गं," मी म्हणाले. "दर वेळी आकडे घालताना मी मनात म्हणायचे, निघू दे. अप्पांचंच खरं निघू दे."