वाचून दाखवणारी बाई

“म्हणजे ती मरेल?” असं विचारून गवंड्याने पेन खाली ठेवलं.

मी संमतीपत्राच्या सातव्या कलमापर्यंत पोचले होते. पुढे आणखी सात होती. मरेल असं नाही, मृत्यूची शक्यता आहे, असं मी त्याला म्हणाले. या दोन वाक्यांतला फरक मला कॉलेजात तीन वर्षं शिकवला होता. त्याला तो ऐकूही आला नाही.

त्याची बायको आतल्या खोलीत स्ट्रेचरवर होती. आतडं फुटलं होतं, पोटात विष पसरत होतं आणि सर्जन तयार होऊन उभे होते. त्यांच्या आणि तिच्या मध्ये माझं टेबल होतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी काळा कोट घालून चढले आणि दोन वर्षांत उतरले, कारण समोरच्या वकिलाने आवाज चढवला की माझ्या तोंडून शब्दच फुटत नसे. मग परीक्षा दिल्या, कंपन्यांत अर्ज केले, एका प्रकाशकाकडे कायद्याच्या पुस्तकांतल्या छपाईच्या चुका काढल्या. शेवटी हे हॉस्पिटल. नातेवाइकांच्या सह्या घ्यायला कायद्याची पदवी हवी, असं जाहिरातीत होतं. प्रत्यक्षात सहीच्या जागची फुली कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं की झालं. सिस्टर मला ‘वकीलसाहेब’ म्हणत. घरी दादा पाहुण्यांना सांगायचा, ती हॉस्पिटलचं लीगल बघते. वहिनी तेवढ्यात पाणी आणायला उठायची.

पण मी वाचून दाखवायचे. सगळी चौदा कलमं. न समजता केलेली सही म्हणजे संमती नव्हे, एवढी एकच गोष्ट त्या पदवीतून माझ्याजवळ उरली होती आणि ती सोडायला मी तयार नव्हते. मॅनेजरांनी दोनदा बजावलं होतं, बाई, लोक घाबरतात, सही घ्या, शाळा घेऊ नका. मी मान डोलावून पुन्हा वाचायचे.

आज माणूस खरंच घाबरला होता.

“मी घरी नेतो तिला,” तो म्हणाला. “इथं येईपर्यंत बोलत होती माझ्याशी.”

मी त्याला समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. घरी नेलंत तर संध्याकाळपर्यंतही राहणार नाहीत त्या.

त्याने कागद उचलला, उलटा करून पाहिला.

“हे कुठं लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. चार वर्षं मी तो कागद वाचत होते. त्यात ऑपरेशन केल्याचे सगळे धोके होते, न केल्याचा एकही नव्हता. इतकं वाचूनही ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटण्यात एक मिनिट गेलं.

छापील फॉर्मवर आपल्या हाताने काही लिहायचं नाही, असा नियम होता. मी पेन घेतलं आणि खाली पंधरावं कलम लिहिलं : ऑपरेशन न केल्यास रुग्ण वाचणार नाही.

तो बोट ठेवून वाचत गेला. “आणि केलं तर वाचेल?”

“वाचू शकेल.”

या वेळी त्याला फरक ऐकू आला. त्याने कागद परत माझ्यापुढे केला. मग म्हणाला, “असं कोण म्हणतंय, तेही लिहा.”

मी सही केली. नावापुढे पदवी लिहिली. किती वर्षांनी, आठवत नाही. माझ्या सहीखाली त्याने सही केली. सिस्टरने कागद जवळजवळ ओढूनच नेला. भिंतीवरच्या घड्याळात पंचवीस मिनिटं गेली होती.

दुपारी सर्जन बाहेर आले. ती गेली, म्हणाले. मी त्यांच्या मागे जिन्यापर्यंत गेले आणि विचारलं, सही लवकर मिळाली असती तर? ते दमले होते. “सांगता येत नाही,” एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता हे ‘सांगता येत नाही’ मला जन्मभर पुरणार होतं.

टेबलाशी परत आले तर गवंडी समोरच्या खुर्चीत बसला होता. तो माझी गचांडी धरेल असं वाटलं, धरावी असंही वाटलं. त्याच्या हातात सिस्टरने दिलेला कागद होता, मृतदेह ताब्यात घेण्याचा. मी फुलीवर बोट ठेवलं. इथे फक्त सही करा, म्हणाले.

त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

“वाचून दाखवा.”

“चारच ओळी आहेत.”

“तरी वाचा. मघाशी वाचलंत ना.”

मी वाचू लागले. तिचं नाव. वय. वॉर्ड. प्रत्येक ओळीनंतर तो समजल्याची मान हलवत होता. मृत्यूच्या वेळेपाशी आले आणि कोर्टात जायचा तसा माझा आवाज गेला.

पेन त्याने हातात धरूनच ठेवलं होतं.

“सावकाश वाचा,” तो म्हणाला. “आता कसली घाई.”