पहिला मान कोणाचाच नाही

मी राऊटर बोलतोय. सेलूच्या अभ्यासिकेतला, दोन शिंगांचा, धूळ खाल्लेला डबा. मला कोणी धाक घालू नये, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून आलो तेव्हा मला कसली रीतच नव्हती. जो जास्त ओढेल त्याच्याकडे धावायचं. एखाद्याने दहा फायली उतरवायला लावल्या की बाकीची पोरं गोल फिरणारं चक्र बघत बसायची. मग इथल्या संगणक शिक्षिका लीना मॅडमनी मला नियम लावून दिला. प्रत्येकाचं एकेक लहान गाठोडं पोचवायचं, फेरी पुरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. दहा फायली लाव नाहीतर वीस, माणूस एक तर पाळी एक. त्या दिवशी मी खरा कामाला लागलो.

हे खुपलं प्रभाकररावांना. ते अभ्यासिकेचे अध्यक्ष, जागाही त्यांचीच. एका सकाळी ते पोराच्या लग्नाचा अख्खा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवायला बसले. त्याच वेळी आतल्या खोलीत मयुरीची नोकरीची मुलाखत चालू होती. पवनारहून बसने आलेली पोर. घरी रेंज नाही, म्हणून सगळी भिस्त माझ्यावर.

“हा डबा माह्याच जागेत बसते अन् मलेच रांगेत लावते? मॅडम, माह्यं पहिले लावा,” प्रभाकरराव म्हणाले.

“तुमचं थांबलं नाई, भाऊ. सगळ्यांसंगं चालून राह्यलं,” लीना मॅडम म्हणाल्या.

प्रभाकरराव पंगतीतही वाढप्याच्या शेजारची जागा धरणारे. तिथे लाडू जास्त पडतात ना! तोच हिशोब त्यांनी मला लावला. माझी वायर उपटली, मला उचललं आणि आपल्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं. मयुरीची मुलाखत बोलता बोलता तुटली. माझा नुसता जळफळाट झाला, पण दिवे विझले की मला तोंड कुठलं?

मयुरी बाहेर आली. आवाज तिने चढवला नाही. “काका, मले अर्ध्यातून तोडलं. मुलाखतवाले फोनवर पुन्हा जोडा म्हणून राह्यले. आता याले हात नका लावू.”

“बस तू. आता हा माह्याजवळ हाय, मले काई तकलीफ नाई,” म्हणत त्यांनी वायर लावली.

बसा की जवळ. मांडीवर घ्या हवं तर. मी एक गाठोडं त्यांचं पोचवलं, एक मयुरीचं, एक कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या काजलचं, आणि पुन्हा तसंच. व्हिडिओ आधीच्याच चालीने सरकत होता, आणि प्रभाकरराव मात्र ‘आता कसं पळून राह्यलं’ म्हणत मिशीत हसत होते.

आजही मी त्या खुर्चीशेजारीच आहे. एक दिवस त्यांना कळेल, मग कोणाला तरी आणून माझा नियम पुसायला लावतील. खुशाल पुसा. भंगारात घाला. पण जोवर तो माझ्यात आहे तोवर अध्यक्ष असो की आणखी कोणी, मी पाळी मोडणार नाही.

मयुरीला नोकरी लागली. परवा ती सांगायला आली, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “यानं लई मेहेरबानी केली माह्यावर.”

छे! मेहेरबानी कसली? तिच्या वाट्याचं होतं, तेवढंच मी तिला दिलं.