सुधारलेली मार्जरी

मुद्रितं तपासणारी रोझलिंड थॅकरे निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांनी तिला घड्याळ दिलं, पण तिचं लाल पेन काढून घ्यायचं विसरले. त्याची फळं यॉर्कशरमधलं तिचं गाव भोगत होतं. चर्चच्या पाट्या, दुकानातल्या सूचना, इतकंच काय, नाताळची शुभेच्छापत्रंही ती दुरुस्त करून ज्याची त्याला परत करायची. लोक म्हणत, "फार उपकार झाले." इंग्रज माणूस असं कधी म्हणतो, हे तिला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.

शेजारच्या क्लिफर्डची बायको मार्जरी गेली. रोझलिंडची ही एकुलती एक मैत्रीण, आणि भाषेच्या नावाने नुसता आनंद. 'सगळ्या अर्थांनी' अशा अर्थाच्या 'इंटेंट्स अँड पर्पजेस'चं ती बिनदिक्कत 'इंटेन्सिव्ह पर्पजेस' करायची. भांडण 'बड'मध्ये, म्हणजे कळीतच, खुडावं असं सांगताना 'बड'च्या जागी खुशाल 'बट', म्हणजे ढुंगण, घालायची. रोझलिंड टोकायची, आणि मार्जरी हसून तिच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा सरकवायची.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी क्लिफर्ड श्रद्धांजलीचा कागद घेऊन आला.

"चर्चमध्ये मला हे वाचवणार नाही, रडू फुटेल. तुम्ही वाचाल? ती बोलायची तस्संच उतरवलंय बघा. लोकांना एकदा तिचं बोलणं ऐकू यावं, बाकी काही नाही."

"माझ्यावर सोडा," रोझलिंड म्हणाली. तिची नजर केव्हाच पहिल्या ओळीवर अडकली होती. दुःखात बिचाऱ्याला चुका दिसल्या नसतील. मैत्रिणीला गावासमोर अडाणी ठरू द्यायचं? छे! तिने पेनाचं टोपण काढलं.

दुसऱ्या दिवशी तिने खणखणीत आवाजात वाचलं. प्रत्येक कळी कळीच्या जागी. लोक शिस्तीत ऐकत होते. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. पुढच्या बाकावर क्लिफर्ड मान उंचावून वाट बघत होता. ती खाली उतरली तरी बघतच होता.

मग चहा आणि हॅमची सँडविचेस.

"किती स्पष्ट उच्चार!"

"अगदी नेटकं हो!"

रोझलिंड फुलून गेली. तेवढ्यात क्लिफर्ड कप घेऊन शेजारी आला.

"छान वाचलंत," तो म्हणाला. "कोण होती हो ती बाई?"

आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारावं तसं त्याने विचारलं होतं. रोझलिंडने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मार्जरी गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.