तिसरी जोडी

हिस्केनं तो करडा डबा जावयाच्या हातात ठेवला तेव्हा तिच्या लेकीनं, यिल्दाउनं, हातातला कॉफीचा कप खालीच ठेवला. तिला विश्वासच बसेना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या डब्याला हिस्केशिवाय कुणाचा पाय लागला नव्हता.

डबा म्हणजे गिटार आणि स्पीकरच्या मध्ये जोडायचं 'फझ' पेडल. पायानं दाबलं की गिटारचा साधा सरळ सूर फाटून गुरगुरायला लागतो. हिस्केनं तो वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतः बनवलेला होता, पत्रा कापण्यापासून. आता तिचं मनगट मोडलं होतं, शनिवारी बंदरावरच्या जत्रेत तिच्या बँडचा कार्यक्रम होता आणि तिच्या जागी डुर्क उभा राहणार होता. ह्या जावयाचं, डुर्कचं, दोकुम गावात सायकलदुरुस्तीचं दुकान. गिटार बरी वाजवायचा. पण बारा वर्षांत सासूनं त्याच्या वाजवण्यावर चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं.

"बॅटरीवर वाजवायचा," हिस्के म्हणाली. "कडेला ते प्लगचं भोक आहे ना, त्यात काही खुपसायचं नाही. कळलं?"

"कळलं, मेम."

मेम म्हणजे आई. बायको म्हणायची म्हणून तोही म्हणायचा.

आणि घरी जाऊन ह्या शहाण्यानं काय करावं? बॅटरी मेलेली, रविवार, दुकानं बंद. कोपऱ्यात नवाकोरा अडॅप्टर पडलेला, त्याची बाकी सगळी पेडलं त्याच्यावरच चालायची. त्याला वाटलं, म्हातारी माणसं उगीच भितात. खुपसला. आता पेडलांच्या आजच्या अडॅप्टरांत मधल्या टोकाला उणे असतं, आणि हिस्केनं ते भोक बसवलं त्या काळी ती मध्ये अधिक देत असे; म्हणजे वीज उलटी शिरली. डब्यातून एक बारीक 'टिक' आली आणि जुन्या पुठ्ठ्यासारखा वास सुटला. डुर्कनं झटकन प्लग उपटला.

ओरडा खायची भीती नव्हती त्याला. सासूचा ओरडा त्यानं भरपूर खाल्ला होता. भीती ही, की ती काहीच बोलणार नाही, डबा परत घेईल, मनगट बरं झाल्यावर आपल्या जागेवर जाऊन उभी राहील आणि पुन्हा जन्मात त्याला काही देणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिच्यापुढे वाजवून दाखवायचं ठरलं होतं.

डबा उघडला. आत दोन ट्रान्झिस्टर होते, शेंगदाण्याएवढे, काळ्या रंगाचे, जर्मेनियम धातूचे, आणि दोन्ही जळलेले. अंगावरचे आकडे पुसून गेलेले, एकावर फक्त लाल ठिपका. हे बनायचे बंद झाले त्याला जमाना लोटला. सोमवारी दुकानात दोन ट्यूब बदलल्या की एकदा, असा तो दिवसभर फोनवर शोधत बसला. जर्मनीतल्या दुकानात 'शिल्लक नाही'. इंग्लंडमधला एक जण देतो म्हणाला, पण कस्टमच्या भानगडीत पंधरा दिवस धरा म्हणाला. चीनहून महिन्यानं. शेवटी एका विक्रेत्याकडे 'उद्या घरपोच, अस्सल जुना माल' असं दिसलं आणि त्यानं दहा मागवले. मंगळवारी आले. चकचकीत, आकडे ठसठशीत. दोन लावले तर काचेच्या बरणीत माशी कोंडल्यासारखा आवाज. खरडून पाहिलं तर वरचा छाप नखानं निघाला; सगळा माल नकली.

"सांगून टाक ना आईला," यिल्दाउ म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"बारा वर्षं झाली लग्नाला. आईला अजून टरकतोस!"

"तू टरकत नाहीस?"

ह्यावर यिल्दाउ उठून भांडी घासायला गेली.

पेडल बनवणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या चावडीवर डुर्कनं आपली कर्मकहाणी लिहिली. खाली कुणीतरी उत्तर दिलं : "दोकुमला राहतोस आणि चीनपर्यंत शोधत फिरतोस? शेजारच्या कोल्लुमच्या ऊबेलेला फोन कर. सकाळी दहा ते साडेअकरा. आणि हे बघ, सुरुवातीलाच ट्रान्झिस्टरचा नंबर सांगू नकोस, फोन ठेवून देईल."

गुरुवारी दहाला डुर्कनं फोन लावला.

"कशासाठी हवेत?" पलीकडून खरखरीत आवाज.

"फझ पेडल. दोन जर्मेनियम."

"वाजवणार कुठं?"

"बंदरावर. शनिवारी."

"उघड्यावर? किती वाजता?"

"पाचला," डुर्क म्हणाला, आणि मनात म्हणाला, ह्या बाबाला करायचंय काय.

"सप्टेंबरअखेर, पाच वाजता, बंदरावर," ऊबेले स्वतःशीच पुटपुटला. "बारा अंश. फार तर तेरा. डबा आणि गिटार घेऊन ये. नंबरावर मी माल विकत नाही."

ऊबेले सत्तरीच्या घरातला, पूर्वीचा रेडिओ दुरुस्त करणारा. डुर्क पोहोचला तेव्हा तो शेडचं दार सताड उघडं टाकून, कोट-मफलर घालून आत बसला होता. भिंतभर छोटे ड्रॉवर. प्रत्येकावर पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं, एकावर चक्क 'हा हट्टी आहे'. मधोमध टेबल, त्यावर काट्याचं मीटर आणि थर्मामीटर.

"गारठून मराल की, आजोबा," डुर्क म्हणाला.

"जर्मेनियम थंडीत वेगळं वागतं आणि उबेत वेगळं. गरम खोलीत निवडून देऊ आणि बंदरावर गेल्यावर तुझी फजिती होऊ देऊ? बारा अंशात वाजवणार, तर बारा अंशात निवडायचं."

त्यानं डबा उघडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आतल्या जोडकामाकडे बघत राहिला.

"हे सोल्डर हिस्केचं."

डुर्क दाराकडे एक पाऊल सरकला. "तुम्ही ओळखता?"

"रात्रशाळेत माझ्या शेजारच्या बाकावर होती. पस्तीस पोरं आणि ही एक. तेव्हापासून असं सोल्डर करणारं दुसरं कुणी पाहिलं नाही मी. हे बघ, एक थेंब जास्त नाही, एक कमी नाही."

"त्यांना सांगू नका. पाया पडतो."

"मी सुटे भाग विकतो," ऊबेले म्हणाला. "बातम्या नाही."

मग कामाला लागला. ड्रॉवर ओढायचा, चिमट्यानं एकेक काळा दाणा उचलायचा, मीटरच्या तोंडात द्यायचा आणि थांबायचं. काटा हलायचा, डगमगायचा, एका जागी टेकायचा. ऊबेले कागदावर आकडा लिहायचा. काटा टेकायच्या आधी लिहिलं, असं एकदाही झालं नाही. डुर्क स्वतः हाताचा कारागीर होता, चाकाचा बाक डोळ्यांनी ओळखणारा. पण असला सबुरीचा माणूस त्यानं पाहिला नव्हता. चाळीस झाले, पन्नास झाले. म्हाताऱ्याची बोटं थंडीनं निळसर पडलेली, पण चिमटा कापत नव्हता. डुर्कला लाज वाटायला लागली. आपण ही वस्तू फोनवर बोट दाबून मागवत होतो, 'उद्या घरपोच'!

मदत करावी म्हणून त्यानं पुढचा ट्रान्झिस्टर बोटांनी उचलला आणि ऊबेलेपुढे धरला. मीटरला लावताच काटा सरसर वर चढला आणि थांबेचना.

"हा निवेपर्यंत गेली आता पाच मिनिटं वाया!" ऊबेले खेकसला. "आता मी काय मोजतोय माहितेय? तुझ्या बोटांची ऊब. ठेव खाली. हात खिशात घाल आणि तिथंच राहू दे."

डुर्कनं मुकाट्यानं हात खिशात घातले.

दीड तासानं टेबलावर तीन जोड्या उरल्या. ऊबेलेनं डब्यात तीन-तीन छिद्रांच्या इवल्या बैठका बसवल्या, ट्रान्झिस्टर नुसते खोचता येतील अशा. "वाजव," म्हणाला, आणि आपण पाठ फिरवून बसला.

पहिली जोडी बरी होती. दुसरी लावली आणि डुर्कच्या अंगावर काटा आला. हा हिस्केचाच आवाज, तोच कोरडा, करकरीत, वरच्या सुरांत दात दाखवणारा. तिसरी लावली. ती तशी नव्हती. हिचा आवाज आधी दाटून यायचा आणि मग फुटायचा, तार हळू छेडली तर नुसता कण्हायचा. डुर्क वाजवायला लागला तो थांबेचना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. थांबला तेव्हा ऊबेले तोंड वळवून त्याच्याकडे बघत होता.

"कुठली घेतोस?"

"दुसरी," डुर्क म्हणाला. "त्यांना कळायला नको."

दुसरी जोडी ऊबेलेनं डब्यात बसवून दिली आणि तिसरी कापसात गुंडाळून, काड्यापेटीत घालून डुर्कच्या कोटाच्या खिशात टाकली. "हिला दुसरं गिऱ्हाईक मिळायचं नाही," एवढंच म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी हिस्के खुर्चीत बसली, प्लास्टरचा हात उशीवर. डुर्कनं डबा जोडला, डोळे मिटले आणि वाजवलं. शनिवारची पहिली दोन गाणी पूर्ण. संपल्यावर भीत भीत डोळे उघडले.

"छान," हिस्के म्हणाली. "अगदी माझ्या डब्यासारखा वाजतोय."

डुर्कचा जीव भांड्यात पडला. तो वाकून वायर गुंडाळायला लागला आणि अर्ध्यावर त्याचे हात थबकले. डब्यासारखा? डबा तर तिचाच होता. स्वतःच्या वस्तूला कुणी 'सारखा' म्हणत नाही. त्यानं मान वर केली. हिस्के खिडकीबाहेर बघत होती आणि एक अवाक्षर बोलत नव्हती. ज्याला तो आठवडाभर भीत होता तेच हे.

तो तिथंच जमिनीवर बसला.

"मेम, मी जाळला तो. प्लग लावला. रविवारीच."

"एक गोष्ट सांगितली होती!" हिस्केचा आवाज फुटला. "एक! एकोणीस वर्षांची होते मी तो बनवला तेव्हा. पोरगी आहेस, भाजशील, असं म्हणाले होते सगळे. आणि तू माझ्या तोंडावर खोटं वाजवतोस?"

"चुकलं माझं."

"प्लगचं सोड! नकलेचं म्हणतेय मी! माझा डबा मला कानानं कळत नाही?"

मग तिनं विचारलं, "कुणाकडून आणलेस?"

"ऊबेले. त्यानं तीन जोड्या काढल्या. दुसरी तुमच्यासारखी होती, म्हणून ती घेतली."

"आणि तुला कुठली आवडली?"

"तिसरी."

"कुठाय?"

त्यानं खिशातून काड्यापेटी काढली.

"लाव मग."

"लगेच नाही लावता येणार, मेम. खिशात गरम झालीय. पाच मिनिटं निवू दे."

हिस्केनं जावयाकडे असं पाहिलं, जसं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. मग उठून एका हातानं खिडकी उघडली. दोघं गारठ्यात बसून राहिले, मधे टेबलावर कापसावरचे ते दोन काळे दाणे. पाचाची दहा मिनिटं झाली. मग डुर्कनं टोकाला धरून ते खोचले आणि वाजवायला लागला. ह्या वेळी तिच्या गाण्यांची चाल त्यानं धरली, पण वाजवली स्वतःसारखी. दाटून येऊ दिलं, फुटू दिलं, मधेच कण्हू दिलं. त्याची भीती निघून गेली होती.

संपलं तेव्हा हिस्के चांगल्या हातानं फोन लावत होती.

"ऊबेले, हिस्के बोलतेय. त्या तिसऱ्या जोडीसारखी अजून एक काढून ठेव. नाही रे, त्याला नाही. मला." ती ऐकत राहिली. "सगळे ड्रॉवर बघितलेस का? ... बरं. बरं, ठेव."

"काय म्हणाला?" डुर्कनं विचारलं.

"नाही म्हणाला. अशी एकच होती म्हणे, पुन्हा सापडायची नाही." तिनं खिडकी लावून घेतली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "उद्या तीच लाव. महिन्यानं माझं प्लास्टर निघतंय. मग डबा घेऊन इकडे ये, आणि आत्ता मधे तू जे काय करत होतास ना, ते मला शिकव."