खिडकीखालचा नमदा

दोन वर्षं काकू तो भुसा गुपचूप झाडत होत्या. उठलं की आधी खिडकीखालचा कोपरा, मग तोंड धुणं. चिमूटभर असायचा, रव्यासारखा बारीक, त्यात कधी मुंगळ्याचा एखादा पाय, कधी नुसतं डोकं. तो सुपडीत घ्यायचा, कागदाच्या पुडीत बांधायचा आणि लेकीच्या घरच्या बादलीत न टाकता पार रस्त्याच्या टोकाच्या कचराकुंडीत नेऊन टाकायचा. पाप जरा लांबच टाकलेलं बरं.

काकूंचं घर म्हणजे एक गाडी. त्यांचे यजमान कोट शिवायचे. सगळं गिऱ्हाईक त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून काकूही मास्तरच म्हणायच्या. हात थरथरायला लागल्यावर मास्तरांनी दुकान बंद केलं, एक जुनी मिनीबस घेतली आणि तीन वर्षं खपून तिचं मोटरहोम केलं. दोन बाकं, एक शेगडी, एक पलंग, आणि प्रत्येक वस्तूला कप्पा. मग दोघं चार हंगाम मनसोक्त भटकली. मास्तर गेले त्याला आता तीन वर्षं झाली. गाडी लेकीच्या घरामागच्या अंगणात विटांवर उभी होती आणि काकू तिच्यात राहत होत्या.

"घरात खोली रिकामी पडलीय आणि तू त्या डब्यात राहतेस," लेक म्हणायची. "लोक म्हणतील, पोरीनं आईला बाहेर काढलं."

"लोकांना सांग, डब्यातली वस्तू टिकते."

पण यंदा ऊन तापायला लागलं तसे पंख फुटलेले मुंगळे भिंतीतून बाहेर पडले. लेक इस्त्रीच्या चादरी घेऊन आली तेव्हा खिडकीच्या पट्टीवर पंखांचा सडा पडला होता. कांद्याची सालं पडावीत तसा. लेकीनं चादरी छातीशी धरल्या आणि ती दारातच उभी राहिली.

"आई, हे कधीपासून आहे?"

"आजच दिसले," काकू म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा, आणि लेक त्यांचीच होती.

"महिनाअखेर. तोवर हे गेले तर ठीक. नाहीतर तू घरात आणि गाडी भंगारात. बाबांची शपथ घालू नकोस, चालणार नाही."

काकूंनी शपथ घातली नाही. त्यांची भीती वेगळीच होती. मुंगळे काढायचे म्हणजे भिंत उघडायची, आणि भिंत उघडली की खिडकी उघडी पडणार. त्या खिडकीखाली काय आहे ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक गेलं होतं.

मिनीबसच्या खिडक्या उंच. पलंगावर आडवं झालं की नुसतं आभाळ दिसायचं, आणि काकूंचा जीव घुसमटायचा. म्हणून मास्तरांनी उशीच्या उंचीला पत्रा कापून एक लांबट खिडकी बसवली. पडल्यापडल्या रस्ता दिसावा, गवत दिसावं, जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय दिसावेत. जावयाचं गल्लीच्या कोपऱ्यावर गॅरेज होतं. तो बघायला आला आणि म्हणाला, "मास्तर, चौकटीखाली हा लोकरीचा नमदा नका घालू. सीलंट लावा, पाणी आत येणार नाही. ही गाडी आहे, कोट नाही."

मास्तरांनी हातातली कात्री खाली ठेवली. "तुम्ही इंजिन बघा," ते म्हणाले.

एवढंच झालं. पण त्या दिवसापासून ते दोन पुरुष एकमेकांशी थेट बोलले नाहीत. एका टेबलावर बसून "त्यांना सांगा, चहा निवतोय" आणि "त्यांना म्हणावं, दिसतंय मला" असं चालायचं. मधे बसून लेक आणि काकू निरोप पोचवायच्या. हसायच्याही सुरुवातीला, मग हसणं सरलं.

आठवड्यानं मास्तरांनी निरोप दिला होता, "सांगा त्यांना, सीलंट लावलंय." काकूंनी तोही पोचवला. आणि आदल्याच दुपारी मास्तरांनी त्यांच्याकडून कोटाच्या खांद्यात घालायच्या नमद्याची दोन बोटं रुंद, बारा हात लांब पट्टी शिवून घेतली होती. काठाला अस्तर, हातशिलाई, बारीक टाका. "पडद्याला का?" काकूंनी विचारलं होतं. "कडेला मऊ काहीतरी लागतंच," मास्तर म्हणाले होते, "नुसतं कडक कडकावर बसवलं की काच तडकते." चाळीस वर्षांत मास्तरांना त्या कधी 'चुकताय' म्हणाल्या नव्हत्या. तेव्हाही म्हणाल्या नाहीत.

म्हणून कीटकनाशकवाल्या बाईला त्यांनी मुद्दाम कामाच्या दिवशी बोलावलं. लेक नोकरीवर, जावई गॅरेजात. तासाभरात उरकेल, कोणाला कळणारही नाही.

बाई आली. आडव्या बांध्याची, खांद्याला पंप, गळ्यात चष्मा. तिनं आधी भुसा बोटावर घेऊन बघितला, मग काकूंचा स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला कान टेकवला.

"या, मावशी, ऐका."

काकूंनी कान लावला. आत कोणीतरी चॉकलेटचा चुरचुरीत कागद हळूहळू चुरगळत होतं.

"भाडेकरू भरपूर आहेत," बाई म्हणाली. "आणि भाडं देणाऱ्यातले दिसत नाहीत."

"मग मारा ना औषध."

"मारीन की. पंधरा दिवसांनी परत येतील. मुंगळा लाकूड खात नाही, मावशी. तो नुसता कोरतो, आणि कोरतो कुठलं, तर ओलं. सुक्या लाकडाकडे ढुंकून बघत नाही. तुमचा प्रश्न मुंगळे नाहीत, पाणी आहे. हे तुमच्याकडे पाणी आहे असं सांगायला आलेत फक्त." तिनं पेचकसाची मूठ भिंतीवर ठोकत नेली. टक, टक, टक, आणि खिडकीखाली आल्यावर भद्द. "इथे. चौकट उतरवावी लागेल."

"दुसरा काही इलाज?"

"माझ्या आईला सुजलेल्या दाढेवर असाच दुसरा इलाज हवा होता," बाई म्हणाली.

काकूंनी 'काढा' म्हणून मान हलवली. पण चौकटीचे स्क्रू गंजून बसले होते. बाईनं जोर लावला, तेल सोडलं, शेवटी पेचकस बाजूला ठेवला. "मशीन हवं. तुमच्या ओळखीत गॅरेजवालं कोणी आहे?"

काकू पलंगावर बसल्या. खिडकीतून त्यांना गल्लीचा कोपरा दिसत होता, मास्तरांनी दाखवलेला. तिथवर शंभर पावलं असतील. न जावं तर गाडी भंगारात. जावं तर मास्तर त्या माणसासमोर उघडे पडणार, आणि आता तर त्यांना 'तुम्ही इंजिन बघा' म्हणायचीही सोय नव्हती. मग चपला घातल्या.

जावई एका गाडीखाली होता. काकूंना फक्त बूट दिसले.

"जावईबापू, स्क्रू काढायचं मशीन घेऊन येता का जरा?"

बूट थांबले. "कुठले स्क्रू, आई?"

"खिडकीचे."

तो बाहेर आला. फडक्यानं हात पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ. "येतो," म्हणाला. त्याच्या तोंडावरचा रंग का उतरला ते काकूंना कळलं नाही. त्या स्वतःच्याच काळजीत होत्या.

आतले स्क्रू निघाले, फळी सुटली. पाठोपाठ मुंगळ्यांचा काळा लोंढा बाहेर आला. बाईनं तयारच ठेवलेला व्हॅक्यूम त्यांच्यावर धरला. लाकूड उरलंच नव्हतं म्हणा ना. पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पडदे, त्यांत दालनं, आणि दालनांत तांदळाएवढे पांढरे कोष. मुंगळे पळत होते ते जीव घेऊन नाही, कोष घेऊन. प्रत्येकाच्या तोंडात एक. काकूंनी नजर फिरवली. ज्याला त्याला आपलं बिऱ्हाड असतं, पण एका खिडकीत दोन बिऱ्हाडं मावत नाहीत, एवढं त्यांनाही कळत होतं.

व्हॅक्यूम थांबला तेव्हा चौकटीखालची ती पट्टी दिसली. काळवंडलेली, फुगलेली, पिळली तर वाटीभर पाणी निघेल अशी. जावयानं ती हळूच ओढून काढली. अस्तराचा काठ अजून शाबूत होता. त्यानं अंगठा टाक्यांवरून फिरवला, एका टोकापासून हातभर. त्याच्या लग्नातल्या कोटाची काजं काकूंनीच केली होती.

"हे टाके तुमचे," तो म्हणाला.

"हो."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, असं तो म्हणाला नाही. काकू वाट बघत होत्या. बोल रे बाबा, नऊ वर्षं पोटात ठेवलेलं एकदाचं बोल. पण तो मान खाली घालून पट्टीची घडी करत राहिला, जणू कोणाचा कपडाच होता.

तेवढ्यात बाई बाहेरून ओरडली, "मावशी, इकडे या! हे कोणी लावलंय?"

बाहेरच्या बाजूनं तिनं पत्र्याची पट्टी उचकटली होती. तिच्याखाली, चौकटीच्या चारी बाजूंनी, राखाडी सीलंट होतं. एक थर नाही, थरावर थर, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. बाईनं नखानं मोजले. "सात. दर वर्षाला एक असावा. कोणीतरी फार प्रेमानं लावलंय."

काकूंनी वळून बघितलं. जावई दारात उभा होता, हातात ती घडी.

"गाडी रस्त्याला लागल्यापासून इंजिन बघायला यायचो ना वर्षातून एकदा," तो म्हणाला. "मास्तर आत चहा प्यायचे तेवढ्यात. मला वाटायचं, लावलं म्हणाले तरी लावलं नसणार." मग थांबून, "ते गेल्यावर बंद करणार होतो. हात थांबेना."

बाईला त्या घरातलं काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे ती निर्धास्त बोलली. "तिथेच तर घोळ झालाय. नमदा एकटा असता तर पाणी आलं असतं तसं खालून निघून गेलं असतं, उन्हात वाळला असता. सीलंट एकटंच असतं, नीट चौकटीखाली, तर पाणी आलंच नसतं. इथे वरच्या कोपऱ्यातून थेंब थेंब आत आला, नमद्यानं तो धरून ठेवला, आणि बाहेरच्या लेपानं जायची वाट बंद केली. दोघांनी मिळून मुंगळ्यांना बंगला बांधून दिलाय."

बाईनं दोघांकडे बघितलं, चष्मा गळ्यात सोडला आणि पावडरीचा डबा उघडून मुकाट कामाला लागली.

काकूंनी त्या सात थरांवर बोट ठेवलं. रबरासारखे मऊ होते. त्यातली पहिली चार वर्षं आत बसून त्या मास्तरांना चहा देत होत्या, आणि पत्र्यापलीकडे, वीतभर अंतरावर, हा गुडघ्यावर बसलेला. आणि आत मास्तर म्हणायचे, "त्यांना सांगा, चहा निवतोय."

लेक पाचला आली. भिंतीला पडलेलं भगदाड बघून तिनं पर्स खालीच ठेवली.

"हे काय करून ठेवलंत? आणि एवढं सडलं कसं? बाबांनी तर सीलंट लावलं होतं."

काकूंचं उत्तर तयार होतं. सकाळपासून त्यांनी ते घोटून ठेवलं होतं. पण जावईच आधी बोलला.

"लाकूडच खराब निघालं. लाकूडवाल्यानं फसवलं मास्तरांना. त्यांचा काय दोष."

शब्द न् शब्द तोच. काकूंनी ठरवलेला. तो त्याच्या तोंडून ऐकला आणि त्यांना ते सहन होईना. गेलेल्या माणसाला किती जणांनी मिळून झाकायचं?

"लाकूड चांगलं होतं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला नाही. "मास्तर चुकले."

असं वाक्य लेकीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

"सीलंट लावलंच नव्हतं. नमदा घातला होता, मी शिवून दिला होता. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. म्हणजे मीही चुकले. आणि जावईबापू बाहेरून चोरून लेप लावत बसले, म्हणजे हेही. सगळे माझ्या एका खिडकीपायी. तूच तेवढी शहाणी आहेस, ऐकून घे."

लेक भगदाडाजवळ गेली. पलीकडे गवत दिसत होतं, आणि शेजाऱ्यांच्या मुलीची सायकल. मग डोळे न पुसताच म्हणाली, "मुंगळे गेले का पण?"

"औषधवाली पंधरा दिवसांनी परत बघून जाईल," जावई म्हणाला. "पण आता ओल राहणार नाही."

"मग भंगारवाल्याला नको सांगायला," लेक म्हणाली. "इथे पत्रा मारायचा की खिडकी ठेवायची?"

हे ती नवऱ्याला विचारत होती, आणि नवरा काकूंकडे बघत होता.

काकूंनी कप्पा उघडला. मास्तरांची मापाची टेप होती, एका टोकाला आकडे पुसलेले. टेपचं ते टोक त्यांनी जावयाच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः भगदाडाच्या कडेला धरलं.

"तुमच्या पद्धतीनं करा," त्या म्हणाल्या. "नमदा नको."

"मास्तरांना चाललं असतं?"

"नसतं चाललं," काकू म्हणाल्या. "नीट धरा. टेप लोंबतेय."

त्यानं नीट धरली. काकूंनी माप वाचलं, त्यानं खडूनं फळीवर लिहिलं, आणि दोघांनी जागा बदलून तेच माप पुन्हा एकदा घेतलं. मास्तर नेहमी दोनदा घ्यायचे.