मागे राहिलेलं पिल्लू

मित्रांनो, मी एक जुना गेमपॅड आहे. माझा डावा दांडा सैल झालाय, बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत. तरी मला मान असती, तर आज मी ती ताठच ठेवली असती.

कारखान्यातून मी आलो एका घराच्या मागच्या खोलीत. तिथे वहिनी आणि तिचा दीर मिळून कॉम्प्युटरवरचे गेम बनवत. वहिनीचं रांगतं बाळ माझी वायर चघळायला धावे. ती एका हाताने त्याला धरी आणि दुसऱ्याने मला चालवी. त्यांच्या पहिल्या गेमची झलक पाहून सगळ्यांनी वाहवा केली, विकत मात्र कुणी घेतला नाही. दुसराही पडला तर काम बंद, असं ठरलं होतं.

हा दुसरा गेम बदकिणीचा. पुरातून पिल्लांना पैलतीरी न्यायचं. तो विक्रीला येण्याआधी त्याचा सुरुवातीचा भाग एका प्रदर्शनात खेळायला ठेवला. पण तेवढा भाग कापून वेगळा काढताना दिराची गफलत झाली. शेवटचं पिल्लू मागच्या काठावरच राहिलं आणि पडदा काळा झाला.

"भावजी, लेकराला एकटं टाकून कुठे निघालात?"

"आज चालवून घ्या, वहिनी. उद्या सुधारतो."

मित्रांनो, नुसतं 'छान' म्हणणारे हात मला कळतात. ते मला पटकन खाली ठेवतात. त्या दिवशी हात मला सोडेनात. एक मुलगी तर आजोबांना ओढत घेऊन आली. त्यांनाही ते पिल्लू पलीकडे न्यायला जमेना.

"बाई, याला न्यायला कधी यायचं?" त्यांनी वहिनीला विचारलं.

वहिनीने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "भावजी, सुधारू नका. खाली गेम विक्रीला येण्याची तारीख घाला."

पडद्यावरचं 'आला की कळवा' हे बटण लोक भराभर दाबू लागले. दीर म्हणाला, "हुरळू नका. गर्दी मागच्या वेळीही होती."

"मागच्या वेळी लोक बघून गेले. या वेळी काहीतरी मागे ठेवून गेलेत."

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी गेम आला. वहिनी बाळाला कडेवर घेऊन पडद्याकडे पाठ करून उभी होती.

"वळा, वहिनी. सगळे परत आलेत."

खरेदी करणारे थांबेनात. प्रदर्शनातले आले, मग त्यांनी सांगितलेले आले. त्यात आजोबांचा निरोप होता: 'आणलं एकदाचं.' वहिनी हसली, आणि मग डोळे पुसत बसली.

आता खोलीत नवे गेमपॅड आहेत. दीर मला टाकायला निघाला, तेव्हा वहिनीने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "हा कुठे जात नाही."

म्हणून सांगतो मित्रांनो, वायर नीट गुंडाळा, जुन्याला लगेच टाकू नका. आणि कुणाला वाट बघायला लावलीत, तर सांगितल्या दिवशी जा. मागच्या काठावर कुणीतरी उभं असतं.