शेंदराखालचा दगड

मी जिनिंगच्या कोपऱ्यावरचा दगड बोलतोय. थांबा, हात जोडू नका, मी देव नाही. काही वर्षं होतो, पण ते काही माझ्या मनानं नव्हतं.

सोनपेठच्या अंगाला आमचं जुनं गाव. वेस आहे, बारव आहे, पडकी गढी आहे. निजामाच्या राज्यात एका मोजणीदारानं मला गावाबाहेर रोवलं आणि सांगितलं, "हितनं पुढं जिनिंगची, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याची जागा." तेव्हापासून मी उभा आहे.

आणि काय दिवस होते हो ते! दसरा झाला की कापसाच्या गाड्यांची रांग माझ्यापासून थेट वेशीपर्यंत लागायची. भोंगा झाला की बायका पदर खोचून आत जायच्या आणि संध्याकाळी रुईनं भुवया पांढऱ्या करून बाहेर यायच्या. दुपारी मला टेकून भाकरी खायच्या, सासूच्या चुगल्या करायच्या. मी सगळं ऐकलंय, पण कुठं वाच्यता केली नाही.

त्यातलीच एक सरजाबाई. हंगामाची पहिली गाडी आली की वजनकाट्याजवळ नारळ फोडायची आमच्याकडं रीत. एका वर्षी काट्याजवळ ही गर्दी, म्हणून तिनं नारळ माझ्यावरच फोडला. त्या साली कापूस असा आला की अक्षय तृतीयेपर्यंत भोंगा वाजत राहिला. झालं! पुढच्या दसऱ्याला तिनं मला शेंदूर फासला आणि बायकांनी नाव ठेवलं, जिनोबा. खरं सांगतो, मला लय गुदगुल्या झाल्या. एरवी दगडाला विचारतंय कोण?

मग जिनिंग बंद पडली. यंत्रं भंगारात गेली. भोंगा खाली उतरवला तो दिवस आठवला की अजून गलबलून येतं. ज्या दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या यायच्या, त्याच दसऱ्यानंतर आता ऊसतोडीचे ट्रक माणसं भरून जायला लागले. सरजाबाईचा नातू आदिनाथ आणि नातसून ज्ञानेश्वरी दोघंही जातात, त्यांची चिमुरडी म्हातारीजवळ राहते. सरजाबाई आता वाकली, तरी दर दसऱ्याला शेंदूर लावून म्हणायची, "जिनोबा, हितं कायतरी काम येऊ दे रे. माजी लेकरं घरी राहू दे."

मी काय देणार? कपाळ!

यंदा गावाचा नवा विकास आराखडा ठरायला लागला. कुठं घरं, कुठं बाजार, कुठं कारखाने, ते त्यात ठरायचं होतं. माझ्या जागेवर लहान कारखान्यांचे गाळे काढायचा विचार होता. पाहणीला नगररचनेच्या राजेश्री मॅडम आल्या, गाव गोळा झालं. शेजारच्या मळ्याचे मालक व्यंकटराव. त्यांना मळ्यात घरांचे प्लॉट पाडून विकायचे होते, शेजारी कारखाने नको होते. त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"मॅडम, ह्ये जागृत देवस्थान हाय. येशीसारखं, बारवेसारखं ह्येबी जपाय पायजे. मंदिर बांधू, भोवती घरं होऊ द्या. देवाच्या अंगावर कारखान्याची धूळ कशाला?"

माना डोलल्या. माझ्यापुढं फुलं होती, नारळाच्या करवंट्या होत्या, आणखी पुरावा काय हवा? मॅडमनी नकाशा उघडून पेन काढलं. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. जिच्यासाठी देव झालो, तिच्याच नातवाची भाकर माझ्या नावावर चालली होती!

तेवढ्यात सरजाबाई पुढं आली. दुसऱ्या दिवशी ट्रक निघायचा होता, म्हणून ज्ञानेश्वरी नुकतीच कोयत्याला धार लावून तो घेऊन आली होती. म्हातारीनं तो तिच्या हातातून घेतला आणि माझ्या कपाळावर ओढला.

"आगं आजे, कोप व्हईल!" आदिनाथ ओरडला.

"कोप व्हायचा त्यो जिनिंग बंद पडली तवाच झाला!" ती म्हणाली. "मॅडम, ह्यो देव न्हाई. कारखान्याच्या हद्दीचा दगड हाय. म्याच ह्याला शेंदूर लावला. देवाला गावात जागा लय हाय. माज्या लेकरांला काम पायजे."

शेंदराच्या खपल्या पडत होत्या. तिचे डोळे वाहत होते, आणि प्रत्येक खपलीला ती पुटपुटायची, "माफ कर रे बाबा." दुखलं का विचाराल, तर दुखलं. पण इतक्या वर्षांनी उघड्या अंगाला वारा लागला, तेही बरं वाटलं. एके काळी जिनिंगमध्ये रुईनं भुवया पांढऱ्या करून घेतलेल्या चार म्हाताऱ्या एकेक करून तिच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. व्यंकटराव मोबाईल कानाला लावून बाजूला झाले. मॅडमनी पेन खिशात ठेवलं.

जागा कामासाठीच राहिली. पण गाळे अजून उभे राहायचेत, त्यामुळं यंदाही ट्रक गेला. माझ्यासमोरूनच गेला. ज्ञानेश्वरी मागं बसली होती, लेक नजरेआड होईपर्यंत हात हलवत होती.

सरजाबाई रोज त्या पोरीला घेऊन येते, मला टेकून बसते. सवयीनं हात जोडायला जाते, मग स्वतःशीच हसते. तुम्ही कधी आलात तर माझ्यापुढं फूल ठेवू नका. इथं काम सुरू होईल त्या दिवशी एक नारळ तेवढा आणा, आणि तो ज्ञानेश्वरीच्या हातानं फोडा. मी माझं डोकं पुढं करून ठेवलंय.